पायलचे वरचे दात

केळापूर, १२ डिसेंबर २०२४

राजकुमार,

खुशाली विचारायची रीत असते, पण तेवढी शुद्ध सध्या माझ्यात नाही. फोनवर तू मला बंद करून ठेवलंस, सख्ख्या बहिणीलाही ठेवलंस, आईच्या मोबाइलवरून माझा आवाज आला की फोन ठेवून देतोस, म्हणून हा कागद. तुझा जुना जोडीदार लालसिंग उद्या गाडी घेऊन हैदराबादकडे निघतोय. वाटेत आदिलाबादला उतरून तुझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हा तुझ्या हातात देईल. फाडायचा असेल तर फाड, पण आधी वाच.

पायल आजारी आहे. पायल म्हणजे तुझी भाची. नाव सांगावं लागतंय, कारण तू तिला पाहिलंस तेव्हा ती रांगत होती आणि आता चार वर्षांची घोडी झाली आहे. सोमवारी तिचा उजवा गाल सुजला. तुझी आई रामीबाई कापूस वेचायच्या दिवसांत आमच्याकडेच राहायला असते. रामीबाईंनी सांगितलं, गालफुगी आहे, आणि गेरूचा लेप लावला. मी म्हटलं असेल. जिनिंगमध्ये कापसाचा सीझन चालू आहे, वजनकाट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते, मला मान वर करायला वेळ नाही. मंगळवारी सूज वर सरकली. काल सकाळी उठून पाहतो तर पोरीचा उजवा डोळा मिटलेला आणि अंग तव्यासारखं तापलेलं.

पांढरकवड्याला लहान मुलांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गाल चाचपला आणि म्हणाले, ही गालफुगी नाही, आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. मला वाटलं माणसाचं डोकं फिरलं. डोळा मिटलाय पोरीचा आणि हा दात दाखवायला सांगतो! पण गेलो. मी आणि तुझी बहीण पुष्पा.

दाताची डॉक्टरीण वयानं लहान, बोलायला गोड. पायलला त्या मोठ्या खुर्चीत बसवून म्हणाली, आ कर. पायलनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डॉक्टरणीनं तिला आरसा दिला, फुगा दिला, हातमोज्याचा कोंबडा करून दाखवला. आपली पोरगी हलायला तयार नाही. मी दरडावलं. तेव्हा ती बोटांच्या फटीतून बोलली. मी शब्द न् शब्द लिहितो.

"तोंड उघडलं का मामा मरते."

डॉक्टरणीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुष्पाकडे पाहिलं. पुष्पानं जमिनीकडे पाहिलं. राजकुमार, चार वर्षांची पोरगी हे घेऊन आमच्या घरात जेवते, खेळते, झोपते, आणि बाप म्हणवणाऱ्या मला त्याचा पत्ता नाही.

शेवटी मी तिचे हात धरले आणि डॉक्टरणीनं वरचा ओठ उचलला. समोरचे चार दात म्हणून जे होतं ते ज्वारी कापल्यावर वावरात उरलेल्या धसकटांसारखं होतं. काळं, तुटकं, हिरड्यांपाशी खाल्लेलं. वर हिरडीवर पुवाचा फोड. खालचे मात्र सगळे पांढरेशुभ्र. मला समजेना हे कोणाचं तोंड आहे. लेकीचे दात मी शेवटचे कधी पाहिले होते, ते आठवायला गेलो आणि आठवेना. तिचं हसणं आठवलं, तर तिथं तळहातच दिसला.

वरच्या दातांचं तुला सांगायला नको. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझाच विश्वास बसत नाही. पायलला खालच्याऐवजी वरचे दात आधी आले. तांड्यात म्हातारी माणसं म्हणतात, असं झालं तर ते मामाला भारी. खालचे येईपर्यंत मामानं ते पाहू नयेत. एवढंच होतं, आणि एवढ्यावर मी हसलो होतो. पण तू होळीला आलास, तिला उचलून गोल फिरवलंस, ती खदखदून हसली. दुसऱ्या दिवशी पाटणबोरीच्या पुढं तुझा ट्रक पलटी झाला, पायात सळई बसली आणि गाडी कायमची सुटली. मग कसले खालचे आणि कसले वरचे. तू यायचा बंद झालास, आणि रामीबाईंनी ठरवलं की हे दात पडेपर्यंत कोणाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत.

कसे झाकले ते काल डॉक्टरणीच्या खुर्चीपाशी कळलं. तिनं विचारलं, बाटलीनं दूध कधीपर्यंत पाजलं? पुष्पा म्हणाली, अजून. घरी कोणी आलं की पोरीच्या तोंडात बाटली. बाटली तोंडात असली की दात दिसत नाहीत! साखर घातलेलं दूध, नाही तर चहा. बाहेर निघाली की बाटली, शेतात कापूस वेचताना बाटली, झोपताना तोंडात तशीच. डॉक्टरणीनं सांगितलं की गोड दूध असं दातांवर साचून राहिलं की वरचे पुढचे दात सगळ्यात आधी किडतात. खालच्यांवर जीभ असते म्हणून ते वाचतात. आणि वरचे आधी येणं ही साधी गोष्ट आहे, कितीतरी पोरांना येतात, त्यानं कोणाचं काही होत नाही. हे तिनं दोनदा सांगितलं, एकदा माझ्याकडे पाहून आणि एकदा पुष्पाकडे.

औषध दिलंय. दोन दिवसांत सूज उतरली नाही तर यवतमाळला भरती करा म्हणाली, कारण सूज डोळ्यापाशी आहे. पण औषधाला तोंड उघडावं लागतं. ती उघडत नाही. चमचा लावला की दातखीळ बसल्यासारखी. तुझ्या आईनं समजावलं, पुष्पानं समजावलं, मी एक थोबाडीतही दिली आणि मग बाहेर जाऊन बसलो.

ती फक्त तुझं ऐकेल. कारण ती हे तुझ्यासाठी करते आहे. एक फोन कर. म्हण, पायल, तोंड उघड, मामाला काही होत नाही. एवढ्याच दोन वाक्यांचं काम आहे.

शाम


यवतमाळ, १५ डिसेंबर

राजकुमार,

लालसिंग परत आला. म्हणाला, तू पत्र उभ्यानंच वाचलंस, घडी करून खिशात घातलंस, त्याला चहा पाजलास आणि म्हणालास, "पाह्यतो." काय पाहतोस? पाहायचं तर इथं आहे.

हे दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. काल दुपारी पायलला इथं भरती केलं. सूज गालावरून पापणीवर आणि पापणीवरून कपाळाकडे गेली. निम्मा चेहरा ओळखू येत नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, पू डोळ्याच्या खोबणीत उतरला तर डोळा जाईल, आणि आत मेंदूकडे गेला तर मग पोरगी हाती लागणार नाही. दुधाच्या दातानं, राजकुमार! आजवर मी दहा जणांना सांगितलं असेल की दुधाचे दात काय, आज ना उद्या पडणारच, त्यांची कसली काळजी. डॉक्टरांच्या तोंडून ते ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली.

औषध आता शिरेतून चालू आहे, म्हणून तोंडाची अडचण नाही. पण खात नाही, पीत नाही. नर्सबाई पाणी घेऊन आल्या की मान फिरवते. मी जवळ बसलो की तोंड न उघडता नाकातून बोलते. विचारते, मामा बरा हाय? मी काय सांगू?

आता दुसरं ऐक. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की भूल देऊन वरचे चारही दात काढावे लागतील, वाचवण्यासारखं काही राहिलं नाही. हे ऐकून पुष्पा रडायला लागली. आणि तुझी आई, मी शपथेवर सांगतो, तुझ्या आईचा चेहरा उजळला. मला म्हणाल्या, "पाहा जवाईबापू, वरचेच कुजले, खालचे चांगले राह्यले. मी म्हणत होती ना, त्या दातातच दोष होता." मी जिभेचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरले काय मालूम आपल्या घरचं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण इथं काकण मनगटावर असून माणूस म्हणतो दिसत नाही. तुझे बापू किसनसिंग बाकावर बसून होते. ते उठून फाटकाबाहेर गेले. तुझ्या घरात पुरुषांनी बाहेर जायचं आणि पोरीनं तोंड मिटायचं, असं वाटून घेतलेलं दिसतं.

पुष्पावर मी फार ओरडलो. लोक पाहत होते तरी ओरडलो. एवढी वर्षं तू तिच्या तोंडात पाहिलं नाहीस? ती म्हणाली, पाहिलं. पिवळा डाग दिसला, मग काळा झाला. मग म्हणाली, "दवाखान्यात नेलं असतं तर चार लोकायनं पाह्यलं असतं. मले एकच भिया आहे. याडी म्हणे झाक, मी झाकलं." तुझी बहीण अजून आईला याडी आणि भावाला भियाच म्हणते, तुझं नाव घेत नाही. तुझा फोन लागत नाही तरी दर राखीला तुझ्या नावाचा धागा देव्हाऱ्यात ठेवते. हे मला माहीत होतं. त्या धाग्यापायी पोरीचं तोंड शिवून टाकलं आहे, हे माहीत नव्हतं.

फोन करायला लाज वाटत असेल तर लालसिंगच्या मोबाइलवर आवाज भरून पाठव. मी तिच्या कानाला लावीन. तुझ्या आवाजानं ती पाणी तरी पिईल. मेहरबानी कर. माझ्या तोंडून हा शब्द तू शाळेपासून कधी ऐकला नसशील.

शाम


यवतमाळ, २० डिसेंबर

राजकुमार,

झालं. परवा दात काढले. डोळा उघडला, डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं, नजर शाबूत आहे. पोरगी वाचली. भूल उतरताना तिनं आधी हात तोंडाकडे नेला, आणि हाताला सलाइनची नळी होती म्हणून रडली. तोंड मिटूनच रडली.

आवाज आला नाही तुझा. मी वाट पाहायचं सोडून दिलं होतं. आणि काल संध्याकाळी तुझ्या आईच्या मोबाइलवर तुझा फोन आला. मी शेजारीच होतो, रामीबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्या मोठ्यानं लावतात, मला सगळं ऐकू आलं. पोरगी कशी आहे, हे तू विचारलं नाहीस. तू विचारलंस, "निघाले का सगळे?" त्यांनी सांगितलं, चारही निघाले. तू म्हणालास, "मंग येतो मी. रविवारी नाई जमत, त्याच्या पुढच्या रविवारी येतो."

आपण आश्रमशाळेत एका ताटात जेवलो. तुझ्या घरची मुलगी केली, ती तुझी बहीण म्हणून. मला वाटत होतं तू भेकड आहेस, आणि भेकडपणा मी समजू शकतो. पण पोरीचे दात निघायची वाट पाहत तू आदिलाबादला बसला होतास, हे मला अजून गिळता आलेलं नाही.

रामीबाईंनी वॉर्डात साखर वाटली. नर्सबाई म्हणाल्या, आजी, तिला नका देऊ. पुष्पा हसते आहे, रडते आहे, भिया येणार म्हणते आहे. ये म्हणतो मी. तिच्यासाठी ये म्हणतो. मी दारात उभा राहून तुला अडवणार नाही.

शाम


केळापूर, ३० डिसेंबर

राजकुमार,

काल जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहितो. कारण तू पूर्ण वेळ आपल्या पायाकडे पाहत होतास. जे तुला दिसलं नाही ते कोणीतरी सांगायला पाहिजे.

तू लालसिंगच्या गाडीतून उतरलास तेव्हा पुष्पा धावत आली आणि तुझ्या गळ्यात पडली. तुझ्या आईनं लापशी शिजवली होती. तू पायलसाठी चांदीचे पैंजण आणले होतेस, ते पुष्पानं लगेच तिच्या पायात घातले. पायल ओढणीचं टोक तोंडात धरून बाजेच्या खुराला चिकटून उभी होती. तीन वर्षं ज्याच्यासाठी ती तोंड मिटून होती तो मामा समोर बसला होता, आणि ती तुला डोळे भरून पाहत होती. तिच्यासाठी तू कोणीतरी फार मोठा माणूस आहेस. आमच्या घरात देवाच्या खालोखाल तुझंच नाव घेतलं जातं.

तुझी आई म्हणाली, दाखव बेटा, मामाले दाखव, आता काई भेव नाई. पायलनं आधी पुष्पाकडे पाहिलं. मग ओढणी सोडली आणि आ केलं. कोणी हात न धरता, आपल्या आपण. मी बाप असून ते तोंड असं उघडलेलं पहिल्यांदा पाहिलं. हिरडी भरून आली आहे, गुलाबी झाली आहे. मधली जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेतून ती हसली, राजकुमार. आणि तू खाली पाहत होतास. दात नव्हते तरी खाली पाहत होतास.

मग तिनं विचारलं ते तू ऐकलंस. "मामा, डॉक्टर म्हणे मले मोठे दात येतीन. ते आले का तू मरशीन?"

मला वाटलं, आता हा बोलेल. बोलायला काही लागत नव्हतं. नाही, एवढा एक शब्द. तू पायावरून हात फिरवलास आणि म्हणालास, "तवाचं तवा पाहू."

पायलनं मान हलवली. रडली नाही, हे तू पाहायला हवं होतंस. दुकानातून मीठ आण म्हटलं की हलवते तशी हलवली आणि म्हणाली, "मंग मी तवा तोंड झाकीन." आणि ओठ मिटले.

मी उठलोच होतो. तुझी कॉलर धरायला उठलो होतो, खोटं कशाला सांगू. पण माझ्या आधी पुष्पा उठली. ती पायलच्या पायाशी बसली, आत्ताच घातलेले पैंजण काढले आणि तुझ्या हातात ठेवले. तिचा आवाज कापत होता, म्हणून तुला नीट ऐकू गेलं नसेल. ती म्हणाली, "भिया, तू जाय. मले भाऊ पाहिजे होता. पोरगी मुकी करून नाई पाहिजे."

तुझी आई ओरडली, माहेर तुटते म्हणाली. पुष्पानं लापशीचं पातेलं आत नेलं आणि दार लोटून घेतलं. ती कधी कोणाला उलट बोलली आहे का? मी तिच्या अंगावर ओरडलो तेव्हाही मान खाली घालून उभी होती. मी अंगणात तसाच उभा राहिलो, तू लालसिंगच्या गाडीत बसून गेलास तेही मला कळलं नाही. तू गेल्यावर ती रडली, ते लिहीत नाही.

आता आजचं. लालसिंग तुला सोडून रातोरात परतला आणि आज दुपारी जिनिंगवर आला. गाडी काट्यावर न लावताच खाली उतरला. म्हणाला, पोरीचा सवाल ऐकल्यापासून माझं जेवण जात नाही. मग त्यानं सांगितलं. तुझा ट्रक पलटी झाला तेव्हा शेजारच्या सीटवर तो होता. होळीच्या रात्रभर तू तांड्यात नाचलास, डोळा मिटला नाहीस, आणि सकाळी तसाच स्टिअरिंगवर बसलास. त्यानं म्हटलं मी चालवतो, तू ऐकलं नाहीस. पाटणबोरीच्या पुढं तुला डुलकी लागली. लालसिंगनं हाक मारली तेव्हा गाडी रस्ता सोडून गेली होती. "त्याले मालूम हाय," तो म्हणाला. "दवाखान्यात त्याची माय दाताचं बोलली, अन् तो चूप राह्यला. मंग मीबी चूप राह्यलो. दोस्ती होती."

मी बराच वेळ काट्यावर बसून होतो. मागच्या गाडीवाल्यांनी शिव्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं म्हणतात, पण संन्यासी निदान मोठा माणूस असतो. तू तुझी झोप नऊ महिन्यांच्या पोरीच्या तोंडात ठेवलीस. तिथंच ती कुजली.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, पुष्पाला नाही, तुझ्या आईलाही नाही. लालसिंगलाही सांगू नको म्हटलं. तुझी इज्जत राखायला म्हणून नाही. मी सांगितलं तर रामीबाई म्हणतील जवाई खोटं बोलते, आणि पायल म्हणेल बाबा मला फसवतात. तिला बाप नको, डॉक्टर नको. जो मरणार आहे त्यानं सांगितलं तरच ती मानेल. कालपासून ती झोपताना जिभेनं हिरडी चाचपून पाहते, मोठे आले का म्हणून. यायला अजून तीन वर्षं आहेत असं दाताची डॉक्टरीण म्हणते. तीन वर्षं ती हेच करत राहणार, आणि आले की तोंड मिटणार. चार वर्षांची पोरगी तुझा जीव ओठांत धरून बसली आहे, राजकुमार, आणि तू तो धरू देतोस.

तू भीत असशील तर भीत राहा, मला त्याचं काही नाही. पण ये. पैंजण आणू नकोस. तिच्यासमोर खाली बस, या वेळी तिच्या तोंडाकडे बघ, आणि आईच्या देखत तिला एवढंच सांग, की पायल, तुझ्या दातांचं काही नव्हतं, मामाला झोप लागली होती.

शाम